पारपत्र केव्हा लागते?

(ज्ञातिमंडळाच्या काठी येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'विद्यार्थ्यांस चार शब्द' असा विषय सुचविला होता. परंतु चौतीस वर्षे शाळेत चार-चार शब्द सांगून आमच्याजवळचा साठा आता संपला आहे. शिवाय आज येथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक होळीसाठी आले आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा परवानगी घेऊन आम्ही विषय बदलला. गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या दारी जितके ज्ञातिबांधव आले, त्यांपैकी बहुतेकांचा प्रश्न एकच होता : अमुक ठिकाणी जावयाचे आहे, पासपोर्ट लागेल काय? सरकारी मराठीत ज्यास पारपत्र म्हणतात, त्या लहानशा पुस्तिकेविषयी आज बोलावयाचे आहे. या विषयात आम्ही पंडित नाही. उलट एकदा आमच्याच चुकीने घरच्या माणसास मोठा मनस्ताप झाला, आणि त्यानंतर आम्ही या नियमांचा अभ्यास केला.

ती हकीकत अशी. आमची धाकटी बहीण २०२३ साली एकोणसाठ वर्षांची होती. पशुपतिनाथाचे दर्शन घ्यावे अशी तिची फार दिवसांची इच्छा. दुधाचे पैसे वर्षानुवर्षे बाजूस टाकून तिने प्रवासखर्च जमविला. चौदा यात्रेकरूंचा संघ मुंबईहून विमानाने काठमांडूस निघणार होता. निघण्यापूर्वी ती आमच्याकडे आली व म्हणाली, "भाऊ, पासपोर्ट काढावा लागेल का रे?" आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले की नेपाळास पासपोर्ट लागत नाही, आधार कार्ड जवळ असले म्हणजे झाले. एवढेच सांगून थांबलो असतो तरी बरे होते. मतदार ओळखपत्र तिने पिशवीत घातले होते. "प्रवासात हरवेल, घरीच ठेव," असे म्हणून तेही आम्हीच पेटीत ठेवावयास लाविले.

विमानतळावर तेरा माणसे आत गेली आणि ती एकटी बाहेर राहिली. खिडकीवरच्या मुलीने तिला सौजन्याने समजाविले की नेपाळास पासपोर्ट लागत नाही हे खरे. परंतु पासपोर्ट नसल्यास मतदार ओळखपत्र लागते, आधार चालत नाही. बहीण रात्रीच्या गाडीने परत आली. तिने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. "देवाने बोलाविले नव्हते," एवढेच म्हणाली. देवाने बोलाविले होते की नाही, हे सांगणे आमच्या अधिकारातले नाही. परंतु अडविले कोणी, हे आम्हांस पक्के ठाऊक होते.

नियम काय आहे तो नीट ऐकावा, कारण आपल्यापैकी पुष्कळजण यात्रेस जातात. भारत व नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी मैत्रीचा करार झाला. त्यानुसार दोन्ही देशांचे नागरिक परस्परांच्या देशात जाऊ शकतात, राहू शकतात, व्यापारउदीम करू शकतात. यास्तव भारतीय नागरिकास नेपाळात जाण्यास पारपत्र अथवा व्हिसा अनिवार्य नाही. तथापि आपण भारतीय नागरिक आहोत हे सिद्ध करावेच लागते, आणि त्यासाठी चालू मुदतीचे पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते. आधार हे ओळखीचे साधन आहे, नागरिकत्वाचे नव्हे. म्हणून ते पुरत नाही. येथे एक सवलत मात्र आहे. वय पंधराच्या आत किंवा पासष्टच्या वर असेल, तर रेशनकार्ड, पॅनकार्ड, वाहन परवाना यांसारखे छायाचित्र असलेले कागद चालतात, आणि २०१९ पासून या दोन वयोगटांस आधारही चालते. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आधारावरच काठमांडूस जाऊन आले होते, आणि त्यांच्याच दाखल्यावर आम्ही आपला निकाल दिला होता. ते त्र्याहत्तर वर्षांचे, बहीण एकोणसाठची! एकाच्या अनुभवावरून दुसऱ्यास सल्ला देण्याची ही खोड आम्हां शिक्षकांत जरा अधिकच असते. पंधरा ते अठरा या वयाच्या मुलांस शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठराविक नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते, हेही पालकांनी ध्यानी ठेवावे. कुटुंब एकत्र जात असेल आणि एका प्रौढाजवळ पक्का कागद असेल, तर इतरांस नाते दाखविणाऱ्या कागदावर सवलत मिळते; पण यात्रेचा संघ म्हणजे कुटुंब नव्हे.

भूतानचा प्रकार बहुतांशी असाच. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र यांपैकी एक जवळ ठेवावे, आणि प्रवेशाचा परवाना तिकडच्या सरकारकडून घ्यावा. हे दोन देश सोडले, तर भारताबाहेर जाणाऱ्या सामान्य प्रवाशाने पारपत्राशिवाय निघूच नये. १९६७ च्या पारपत्र अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातच तसे बंधन आहे. कित्येकजण पारपत्र व व्हिसा यांत घोटाळा करितात, म्हणून सांगतो : पारपत्र आपले सरकार देते, आणि हा मनुष्य कोण व कोठला याची ग्वाही त्यात असते, व्हिसा समोरचे सरकार देते, आणि त्याचा अर्थ 'यावे' एवढाच असतो. कोठे दोन्ही लागतात, कोठे एकच पुरते. शिखांचे पवित्र स्थान कर्तारपूर पाकिस्तानात, सरहद्दीपासून अवघ्या चार-पाच किलोमीटरांवर आहे. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथे जाण्याचा मार्ग खुला झाला, तेव्हा यात्रेकरूस व्हिसा माफ करण्यात आला, पण पारपत्र बाळगणे आवश्यकच ठेविले. पुढे मे २०२५ मध्ये भारताने तो मार्ग बंद केला. म्हणजे शेकडो कोस दूरच्या काठमांडूस पारपत्र नको, आणि नुसत्या डोळ्यांनी घुमट दिसावा इतक्या जवळच्या कर्तारपुरास ते हवे. अंतराचा, नदीचा, डोंगराचा येथे संबंध नाही. दोन सरकारांचे आपसांत काय ठरले आहे, एवढेच पाहावयाचे.

ही गोष्ट काठीत बसून समजण्यास कठीण जाऊ नये. काठी हे एके काळचे मेवासी संस्थान. पश्चिमेस राजपिपळ्याचे राज्य, नर्मदेपलीकडे अलीराजपूर. आज त्याच जागी एका बाजूस गुजरातचे सागबारा व डेडियापाडा, दुसऱ्या बाजूस मध्य प्रदेश. उद्या पहाटे जी राजवाडी होळी पेटेल, तिचा उंच बांबू गुजरातच्या जंगलातून येतो. बावा, बुध्या होऊन नाचणारे लोक तिन्ही राज्यांतून येतात, आणि कोणी कोणास कागद विचारीत नाही. १ मे १९६० पूर्वी तर सागबारा आणि काठी एकाच मुंबई राज्यात होते. पण २०२० सालचे दिवस आठवा. साथीमुळे वाटा बंद झाल्या, जिल्हा ओलांडण्यास ई-पास लागू लागला, आणि ज्या नाल्यापलीकडे मुलगी दिली त्या नाल्याशी पोलिसांची चौकी बसली. मोलगीच्या बाजारास रोज येणारी माणसे आठवडेच्या आठवडे दिसली नाहीत. एका रात्रीत रेघ उमटते आणि एका रात्रीत पुसली जाते, हे आपण सर्वांनी तेव्हा पाहिले.

मराठी माणसाने हे याआधीही पाहिले होते. सावंतवाडीच्या माणसास पेडण्याचे घर परके नव्हते. भाषा एक, देव एक, सोयरीक एक. परंतु गोवा पोर्तुगीजांकडे होता. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने सरहद्द बंद केली, रेल्वे थांबली, आणि परवान्यावाचून नेहमीची ये-जा उरली नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ती अडचण संपली. त्याच्याही मागे गेलो, तर याच पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात जहाजांवर 'कार्ताझ' नावाच्या परवान्याची सक्ती केली होती. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक चालू केले आणि परक्या जहाजांकडेही ते मागितले. ज्याचा समुद्रावर अधिकार, त्याचा कागद. हा व्यवहार जुनाच आहे.

तथापि सामान्य प्रवाशाच्या हाती आज असते तसे पारपत्र फार जुने नाही. १९१४ चे महायुद्ध सुरू होईपर्यंत युरोपातील बहुतेक देशांत ते कोणी विचारीत नसे. हिंदुस्थानातही देश सोडण्यास पारपत्राची सक्ती युद्धकाळातील भारत संरक्षण कायद्याने आली. १९२० साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे परिषद भरली, आणि पुस्तिकेचे स्वरूप सर्वत्र सारखे असावे असे ठरले. युद्धापुरती म्हणून आलेली ही व्यवस्था युद्ध संपल्यावर गेली नाही. तात्पुरते म्हणून बसविलेले जकातनाके कसे टिकतात, ते आपण जाणताच.

मग त्यापूर्वी समुद्रापलीकडे जाणारास कोणीच अडवीत नसे काय? अडवीत असे, बंधूंनो. ज्ञाती अडवीत असे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्या वाटेत उभे राहिले ते समाजाचे शब्द. १८८८ साली गांधीजी विलायतेस निघाले असता त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीची मुंबईत सभा भरली. शेठजींनी त्यांस बहिष्कृत ठरविले आणि जो कोणी त्यांस निरोप देण्यास बंदरावर जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठोठावला. १८९१ साली परत आल्यावर वडील बंधूंनी त्यांस आपल्या या नाशिकास आणून गोदावरीत स्नान घातले, ते ज्ञातीच्या समाधानासाठीच. ज्ञातीच्या संमेलनात हे सांगणे कित्येकांस रुचणार नाही, पण खरे ते सांगितले पाहिजे. आपल्या मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांत असे काही ठराव आहेत किंवा काय, हे शोधण्याचे धाडस आम्ही अद्याप केलेले नाही. आज तेच मंडळ परदेशी शिक्षणास निघालेल्या मुलामुलींस शाल-श्रीफळ देते, ही आनंदाची गोष्ट आहे.

ज्ञातीची पकड सैल झाली तोवर सरकारची घट्ट झाली होती. १९१८ साली लोकमान्य टिळक होमरूलच्या शिष्टमंडळासह विलायतेस निघाले. मंडळी कोलंबोपर्यंत पोहोचली. आणि तेथे कळले की लंडनच्या सरकारने त्यांची पारपत्रे रद्द केली आहेत. ज्यांच्या एका शब्दावर गिरण्या बंद पडत, त्यांस बंदरावरून मागे फिरावे लागले. त्याच वर्षी पुढे चिरोलवरील दाव्यासाठी जाण्यास परवानगी मिळाली, तीही प्रथम राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे पारपत्र देणे न देणे ही सरकारची मर्जीच समजली जात असे. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग सॉहनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असा निर्णय दिला, तोही पाचांपैकी तीन न्यायमूर्तींच्या बहुमताने. त्यानंतर त्याच वर्षी संसदेने पारपत्राचा अधिनियम केला. आता नकार द्यावयाचा तर कायद्यातले कारण दाखवावे लागते. पुस्तिकेची मालकी मात्र आजही केंद्र सरकारचीच आहे. ती आपली खाजगी मालमत्ता नव्हे, आणि परदेशी मालकाची तर मुळीच नव्हे. कामास ठेवून घेताना जो मालक पारपत्र आपल्या कपाटात ठेवतो, त्याच्यापासून सावध राहावे.

आता आमच्या दुसऱ्या चुकीकडे वळतो. ही अधिक जुनी आहे, आणि तिचा जाब अद्याप चुकता झालेला नाही.

नोकरीच्या आरंभी आम्ही डोंगरातील एका पाड्यावरच्या शाळेत होतो. जून महिन्यात पाड्या-पाड्यांवरून मुले गोळा करून आणावयाची. जन्मतारीख विचारली तर आई म्हणे, "मागल्या मोठ्या पुराच्या वर्सी," बाप म्हणे, "नाही, त्याच्या अगोदरच्या होळीला." मग उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास लावावयाचे, कान हाती लागला की पोर सहा वर्षांचे झाले! रजिस्टरात तारीख घालावयाची ती १ जून. आमच्या हातच्या रजिस्टरात वर्गचे वर्ग १ जून रोजी जन्मलेले आहेत. हे त्या काळी सर्वत्र चाले, आणि आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्यांचेही वाढदिवस एकाच दिवशी का येतात, याचे कारणही तेच. पण आम्ही एवढ्यावर थांबलो नाही. रविवारी जन्मला म्हणून 'दित्या' असे ज्याचे नाव ठेविले होते, त्याचे आम्ही 'आदित्य' केले. नाव सुधारले, असे आम्हांस वाटले होते.

हा दित्या पुढे दहावी झाला, वेल्डिंग शिकला, आणि मस्कतला एका कंत्राटदाराकडे त्यास काम मिळाले. दहावीच्या प्रमाणपत्राचे येथे एक विशेष महत्त्व आहे. दहावी न झालेला मनुष्य आखाती वगैरे अठरा देशांत नोकरीस जाऊ लागला, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार त्यास सरकारकडून वेगळी मंजुरी घ्यावी लागते, आणि तशी नोंद त्याच्या पारपत्रावर असते. दहावी उत्तीर्णास ती लागत नाही. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, पण त्या एका परीक्षेत एवढे बळ असेल हे आम्हांस माहीत नव्हते. दित्याच्या हाती ते बळ होते. परंतु शाळेच्या दाखल्यावर आदित्य, मतदार यादीत दित्या, आधारवर तिसरेच काही, आणि बापाचे नाव प्रत्येक ठिकाणी निराळे! अर्ज अडला. शाळा सोडून गेलेल्या मुलाची नोंद मुख्याध्यापकास परस्पर बदलता येत नाही. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल, सगळे सोपस्कार करावे लागले. आम्ही त्याच्याबरोबर कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. प्रत्येक ठिकाणी कारकून विचारी, हे नाव असे कोणी लिहिले? आणि आम्ही सांगत असू की, आम्ही.

दहा महिन्यांनी पारपत्र आले. तोवर मस्कतची जागा भरली होती. तो आता अंकलेश्वरास कारखान्यात आहे. तेथे जाण्यास पारपत्र लागत नाही. पुस्तिका त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत कोरी पडून आहे. गेल्या होळीस भेटला तेव्हा "गुरुजी" म्हणून पाया पडला, आणि आम्हांस त्याच्याकडे पाहवेना.

यास्तव आपणां सर्वांस विनंती आहे. घरात मूल जन्मले की नोंद ताबडतोब करावी, आणि नाव ठरल्यावर ते त्या नोंदीत घालून घ्यावे. नाव घालण्यास पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते म्हणून आळस करू नये. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलास पारपत्रासाठी जन्माचा दाखलाच लागेल, दुसरा कोणताही कागद जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालणार नाही. अगोदर जन्मलेल्यांस शाळेचा दाखला वगैरे चालतो, पण त्यावरचे अक्षर न् अक्षर इतर कागदांशी जुळावे. तान्ह्या मुलासही स्वतंत्र पारपत्र लागते. आईच्या पुस्तिकेवर त्याचे काम भागत नाही. मोठ्यांचे पारपत्र दहा वर्षे चालते, परंतु पुष्कळ देश प्रवासाच्या दिवशी निदान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. नातवंडांस भेटावयास निघालेल्या एका जोडप्याचे तिकीट याच कारणाने फुकट गेले. तिकीट आधी आणि पारपत्र मागाहून, ही रीत सोडावी.

आमची बहीण पुढच्या वर्षी गोरखपूरवरून सोनौलीच्या मार्गाने जाऊन पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन आली. मतदार ओळखपत्र तिने गळ्यातल्या पिशवीत ठेविले होते. सरहद्दीच्या कमानीखाली इतकी गर्दी होती की ते कोणी पाहिलेच नाही, असे ती सांगते. आता ती ते पत्र सागबाऱ्यास लेकीकडे जातानाही बरोबर नेते, आणि नको म्हणून सांगण्याची आमची छाती होत नाही.

ज्यांस आपापले कागद तपासून घ्यावयाचे असतील, त्यांच्यासाठी आम्ही दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मंडळाच्या कचेरीत बसतो. येताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणावा, झेरॉक्स आणू नये. आणि नाव कोणत्या गुरुजींनी लिहिले ते आठवत असल्यास तेही सांगावे.